दहा अंश कललेली लेन्स

"लेन्स काढलीस का?" मी पहिलं हेच विचारलं.

"काढली मॅडम. काल संध्याकाळीच." रुबीनाने लेन्सची डबी माझ्या टेबलावर ठेवली. तिचा उजवा डोळा लालभडक होता आणि त्यातून पाणी गळत होतं. डावा अगदी स्वच्छ. "दुखत नाही तेवढं. उजेड सहन होत नाही फक्त."

त्यातला 'फक्त' मला आवडला नाही. लाल डोळे माझ्याकडे रोज येतात. बहुतेक धुळीचे, नाहीतर साथीचे. पण लेन्स वापरणाऱ्या माणसाचा एकच डोळा लाल झाला आणि त्याला उजेड सोसेना, तर आम्ही बाकीची कामं बाजूला ठेवतो.

रुबीनाबरोबर तिची आई होती. दोघी सुप्याहून सकाळच्या पहिल्या एसटीने नगरला आल्या होत्या. आईने पिशवीतून एक छोटी बाटली काढली.

"मॅडम, हे थेंब टाकू का हिच्या डोळ्यात? शेजारच्या मावशींचं मोतीबिंदूचं आप्रेशन झालं, त्यातलं उरलंय. लई भारी औषध हाय म्हनत्यात."

"टाकलं का?"

"न्हाई. म्हनलं आदी तुमाला इचारावं."

मी बाटली जवळजवळ ओढूनच घेतली. आत स्टिरॉइड होतं. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते चांगलं. पण डोळ्यात जंतू असतील तर स्टिरॉइड टाकणं म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणं. लाली कमी होते, घरचे खूश होतात आणि आत जंतू मोकाट सुटतात.

"अम्मी, मी सांगितलं होतं ना," रुबीना म्हणाली.

"तू गप. म्या टाकलं का? इचारलंच ना?"

ती बाई विचारून टाकणारी होती हे आमचं त्या दिवसाचं पहिलं नशीब.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, चष्मा आणि लेन्स देणं आणि डोळ्यात काही वावगं दिसलं तर वेळेवर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवणं, एवढं माझं काम. नगरमध्ये बावीस वर्षं ते करते आहे. ऑपरेशन मी करत नाही आणि जंतूंवरचं औषधही मी ठरवत नाही.

रुबीनाला मी स्लिट लॅम्पसमोर बसवलं. हा डोळे बघायचा मायक्रोस्कोप. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं. डोळ्यात पिवळ्या रंगाची पट्टी टेकवली आणि निळा उजेड सोडला. या रंगाचा गुण असा, की डोळ्याच्या पुढच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, जिथे साल निघालेली असेल तिथे तो हिरवा चमकतो. तिच्या उजव्या डोळ्यात खालच्या कडेला एक हिरवा ठिपका चमकला. निळा उजेड काढून साधा लावला. त्याच जागी पांढरट डाग होता.

नुसता ओरखडा असता तर हिरवं दिसलं असतं, पांढरं नाही. पांढरा डाग म्हणजे तिथे जंतू शिरले असण्याची शक्यता. तो वाढला तर व्रण होतो, व्रण भरला तरी वण राहतो, आणि वण बाहुलीसमोर आला तर नजर गेली. तिचा डाग बाहुलीपासून लांब होता. पण दोन-चार दिवसांपूर्वी तिथे काहीच नसणार, हेही खरं होतं.

मी डॉ. वैशालींना फोन केला. त्या कॉर्नियाच्या डॉक्टर, आमच्यापासून दहा मिनिटांवर त्यांचं हॉस्पिटल. "एक केस ऑपरेशन थिएटरमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाने पाठव. लेन्स आणि डबी फेकू देऊ नकोस, लॅबला लागेल. तोपर्यंत एकही थेंब टाकायचा नाही."

रुबीनाला सांगितलं तेव्हा ती डोळ्याबद्दल काही बोललीच नाही.

"मॅडम, गुरुवारी मेडिकल आहे. आमच्यातल्या सहा जणांना पर्मनंट करणार आहेत. तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली मी. डोळे तपासतात त्यात."

त्या दिवशी सोमवार होता.

आता थोडं मागचं सांगते. सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात रुबीना क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वय सव्वीस, मेकॅनिकल डिप्लोमा. तिला अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे, म्हणजे तिरका नंबर. कॉर्निया वाटीच्या पाठीसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. तिचा चमच्याच्या पाठीसारखा आहे, एका बाजूने जास्त वळलेला. अशा डोळ्याला नंबराबरोबर अंशही लागतो, तो वळण कोणत्या दिशेला आहे ते सांगणारा. चष्म्यात हे सोपं असतं. काच फ्रेममध्ये घट्ट बसते, फिरत नाही. पण चष्म्यावर सेफ्टी गॉगल बसत नव्हता, वाफ धरत होती. म्हणून ती दोन महिन्यांपूर्वी लेन्स मागायला आली.

तिरक्या नंबराच्या मऊ लेन्सला टोरिक लेन्स म्हणतात. ती डोळ्यात फिरून चालत नाही. म्हणून तिला खालच्या बाजूला थोडं वजन दिलेलं असतं. तळ जड असलेलं खेळणं कसंही ढकललं तरी उभं राहतं, तसं. आणि ती कशी बसली आहे ते आम्हाला कळावं म्हणून तिच्यावर एक पुसट खूण असते. घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत ती सहावर यावी अशी अपेक्षा.

माणसाच्या पापण्यांना ही अपेक्षा माहीत नसते. रुबीनाच्या डाव्या डोळ्यात खूण नेमकी सहावर आली. उजव्या डोळ्यात मात्र लेन्स दरवेळी दहा अंश कलून बसत होती. हे काही वाईट नाही. रोज तेवढीच कलत असेल तर तेवढाच हिशेब धरून पुढची लेन्स मागवायची. तिच्या उजव्या डोळ्याचा अंश एकशे सत्तर होता, मी एकशे साठची लेन्स मागवली. खूण कललेलीच राहणार, पण आतला नंबर बरोबर जागी येणार. लेन्स आली, घातली, शेवटची ओळ तिने धडाधड वाचली. हात धुणं, पाणी न लावणं, झोपताना काढणं, सगळं शिकवलं आणि लिहून दिलं.

दोन आठवड्यांनी ती तक्रार घेऊन आली. उजव्या डोळ्याने कधी स्पष्ट दिसतं, कधी धूसर. मी बघितलं तर खूण नेमकी सहावर! नंबरही चुकत होता. मला वाटलं, लेन्स आता डोळ्याला सरावली, कलणं थांबलं. बाहेर बारा पेशंट होते. मी लगेच एकशे सत्तरची लेन्स मागवली. ती आली तेव्हा रुबीनाची फर्स्ट शिफ्ट होती, तिचे अब्बू येऊन घेऊन गेले. डोळ्यात बसवून न बघताच मी ती देऊन टाकली.

आणि आता सहा आठवड्यांनी ही माझ्यासमोर लाल डोळा घेऊन बसली होती.

अर्धा तास हातात होता. मी प्रश्न सुरू केले.

"लेन्स पाण्याने धुतलीस?"

"नाही मॅडम. तुम्ही सांगितलंय ना."

"झोपलीस घालून?"

"एकदा पण नाही."

"सोल्युशन कालचंच परत वापरलंस?"

"रोज नवीन."

माझा विश्वास बसला. तिचा डावा डोळाच साक्ष देत होता. पाण्याची किंवा डबीची चूक असती तर ती एकाच डोळ्यापुरती राहिली असती का? दोन्ही लेन्स एकाच हाताने, एकाच डबीत. मग उजव्यालाच काय झालं?

"दिवसातून डोळ्याला हात किती वेळा लागतो?"

"घालताना आणि काढताना."

"आणि मधे?"

"मधे फक्त सेट करते."

"सेट म्हणजे?"

"झिरो सेट, मॅडम." हे मला माहीत असायला हवं होतं, अशा सुरात ती म्हणाली आणि पर्समधून छोटी डायरी काढली.

मी ती उघडली. रेघा मारून चार रकाने केले होते. तारीख, वेळ, खूण किती सरकली, काय केलं. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीवर 'दोन मिनिटं', घड्याळाच्या तबकडीवरची. चौथ्यात प्रत्येक ओळीवर 'करेक्टेड'. एका शिफ्टमध्ये चौदा नोंदी होत्या.

"चौदा वेळा?"

"प्रत्येक लॉट तपासायला घेण्याआधी. मापायचं गेज झिरोवर न आणता लॉट कसा घेणार?"

"पण खूण दिसते कशी तुला?"

ती खूण इतकी पुसट असते की मलाही मायक्रोस्कोप लागतो. रुबीनाने मोबाईल दाखवला. टॉर्च लावून डोळ्याचा फोटो काढायचा, मोठा करायचा, बघायचा. तीन वर्षं गुळगुळीत पिनांवरचे केसाएवढे ओरखडे शोधणाऱ्या पोरीला ते जड नव्हतं.

"आणि बोटाने फिरवायची?"

"हलकंच. हातमोजा काढूनच, मॅडम. हात स्वच्छ असतो आतला."

इथे मला तिचा कारखाना समजून घ्यावा लागला. इन्स्पेक्शनमध्ये सुती हातमोजे घालतात ते हाताला पीस, म्हणजे तपासायचा सुटा भाग, लागू नये म्हणून नव्हे, पिसाला हाताचा घाम लागून गंज येऊ नये म्हणून. पिसांवर गंज न येण्याचं तेल असतं. ते सुती कापडातून आरपार जाऊन बोटांना लागतं. आतला हात तिला स्वच्छ वाटत होता, आणि तिथल्या सगळ्यांनाच तो तसा वाटतो. पिसाच्या बाजूने विचार करायची सवय.

"अगं, पण का फिरवायची? कोणी सांगितलं?"

"तुम्हीच दाखवलं होतं ना फोटोमध्ये. खूण सहावर हवी. डावी बरोबर होती. उजवी आउट होती."

खरं होतं ते. खूण दाखवली होती. उजवी मुद्दाम कललेली आहे आणि तशीच राहणार आहे, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मला ते माहीत होतं, संगणकाला माहीत होतं. जिच्या डोळ्यात लेन्स होती तिला सोडून सगळ्यांना.

मग दुसरी शंका आली. "त्या दिवशी तक्रार घेऊन आलीस, तेव्हा पण सेट केली होतीस?"

"हो. बाहेरच्या आरशात. माझं नाव पुकारलं तेव्हा."

"तपासायला यायच्या आधी?"

"इन्स्पेक्शनला पीस तसाच कसा देणार मॅडम? पुसून, सेट करूनच देतात."

आता सगळी साखळी लागली. पहिली लेन्स बरोबर होती. ती कललेली असताना रुबीनाला स्पष्ट दिसायचं, सरळ केली की धूसर. तिला वाटायचं, आपण नीट सेट करत नाही. माझ्याकडे आली ती सरळ करूनच आली, आणि तिने दोन मिनिटांपूर्वी बोटाने फिरवलेली लेन्स मी मोजली. दहा-पंधरा मिनिटं थांबले असते तर ती माझ्या डोळ्यांदेखत परत कलली असती. मी थांबले नाही. चुकीची लेन्स मागवली. ती नवी लेन्स कलली की खरोखरच धूसर व्हायचं आणि बोटाने सरळ केली की पाच-सात मिनिटं स्पष्ट दिसायचं. म्हणजे जी सवय आधी नुसती चुकीची होती, ती मी उपयोगी करून दिली.

हे मी मायलेकींना जसंच्या तसं सांगितलं.

आईने थोडा विचार केला. "म्हंजी चूक तुमचीबी हाय?"

"हो. आधी माझी."

"बरं झालं बाई."

"अम्मी!"

"अगं तसं न्हाई. घरी गेल्यावर तुजा बाप तुलाच बोलला असता, कशाला पायजेल होत्या लेन्सा म्हनून. आता मला सांगाया हुईल, मॅडम सोता म्हनल्या."

मी डॉ. वैशालींना चिठ्ठी लिहिली. त्यात माझी चूकही लिहिली. काय झालं होतं ते कळल्याशिवाय डॉक्टरला दिशा कळत नाही. रिक्षात बसवणार एवढ्यात रुबीनाचा फोन वाजला. शिफ्ट इन्चार्ज शिंदे. तिने फोन माझ्या हातात दिला.

"नमस्कार मॅडम. गुरुवारी मेडिकल आहे पोरीचं. तेवढं फिट म्हणून दोन ओळी द्या ना. डोळा काय, दोन दिवसांत होईल बरा."

"दोन ओळी देते. पहिली, उजव्या डोळ्याला जखम आहे. दुसरी, डॉक्टर सांगेपर्यंत लेन्स घालायची नाही."

"असं नका ना लिहू. एचआरवाले लगेच लाल शेरा मारतात."

"शिंदे साहेब, नापास पीस 'परवा बरा होईल' म्हणून पास करता का तुम्ही?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "रुबीनाने करू दिला असता तर दोन-चार वेळा केला असता. बरं, चष्म्यावर मेडिकल चालतं का?"

"ते तुमच्या नियमात बघा. बहुतेक ठिकाणी चालतं. आणि तारीख पुढे मिळते का तेही बघा. डॉक्टरांचं पत्र मी मिळवून देते."

"बघतो. बोलतो साहेबांशी."

"चष्मा कुठे आहे तुझा?" मी फोन ठेवून रुबीनाला विचारलं.

"घरी आहे. एक दांडी तुटलीय. दोन वर्षांपूर्वीचा नंबर आहे."

मी तिला तिथेच झापलं. लेन्स वापरणाऱ्याकडे चालू नंबरचा, धड चष्मा हवाच. नसेल तर डोळा लाल झाला तरी माणूस लेन्स काढत नाही, कारण काढली की कामच बंद. हे मी तिला लेन्स देतानाच बघायला हवं होतं, म्हणून फार वेळ झापता आलं नाही.

डॉ. वैशालींनी जखमेवरचा नमुना खरवडून लॅबला पाठवला, लेन्स आणि डबीही पाठवली. मग अँटिबायोटिकचे थेंब सुरू केले. जागेपणी दर तासाला एक, आणि रोज तपासणी. मायलेकी नगरमध्येच केडगावला रुबीनाच्या मावशीकडे राहिल्या.

मंगळवारी डाग तेवढाच होता. वाढला नाही ही चांगली बातमी, असं डॉ. वैशाली म्हणाल्या. मला ती पुरेशी वाटली नाही. त्या दिवशी मी तीन जणांचे नंबर दोनदा काढले.

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. "डाग निम्म्यावर आलाय. उजेड सोसतोय तिला. लॅबमध्ये अजून जंतू वाढलेले नाहीत. लवकर पाठवलंस आणि कोणी स्टिरॉइड टाकलं नाही, म्हणून सुटलो."

मी खुर्चीत टेकून बसले. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "काय झालं मॅडम?" "काही नाही. पुढचा पेशंट दहा मिनिटांनी आत पाठव," मी म्हटलं.

शनिवारपर्यंत हिरवा रंग धरणारी जागा उरली नाही. अगदी कडेला एक धूसर टिंब राहिलं, ते स्लिट लॅम्पखालीच दिसतं. तोवर शिंद्यांनी तारीख एक आठवडा पुढे ढकलून आणली होती आणि नियमही विचारून ठेवला होता. चष्म्यावर चालत होतं. सोमवारी मी दोन्ही डोळ्यांचा नंबर काढला आणि बुधवारी चष्मा तयार करून दिला.

गुरुवारी तीनच्या सुमाराला आईचा फोन आला. "मॅडम, पास झाली! शेवटची वळ बी वाचली म्हनं. त्यो डाक्टर म्हनला, पुरं करा आता." मागून रुबीना ओरडत होती, "अम्मी, मला बोलू दे." आईने तिला बोलू दिलं नाही. पर्मनंट झाल्याचं पत्र पुढच्या महिन्यात हातात आलं.

डॉ. वैशालींनी परवानगी दिल्यावर, सहा-सात आठवड्यांनी, रुबीना परत लेन्स घ्यायला आली. या वेळी मी रोज घालून रोज टाकायच्या दिल्या. उजवीला एकशे साठ. घातल्यावर तिला वीस मिनिटं हात मांडीवर ठेवून बसवलं आणि मग तपासलं. खूण दहा अंश कललेली, वाचन पहिल्यासारखं धडाधड. मी तिला मॉनिटरवर तिचाच डोळा दाखवला आणि सांगितलं, ही खूण अशी तिरकी आहे, तिरकीच राहणार, आणि तिरकी आहे म्हणूनच तुला दिसतंय.

"म्हणजे डिव्हिएशन अप्रूव्ह्ड," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पीस ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण साहेबांनी बघून चालेल म्हणून सही केलीय. त्याला मग कोणी हात लावत नाही." मग तिने हात पुढे केला. "लेखी द्या मॅडम. सहीशिवाय चालत नाही आमच्यात."

मी तिच्या कार्डावर लिहून दिलं. उजवी खूण कललेली असेल, ते बरोबर आहे, हात लावू नये. खाली सही, तारीख. नीट वाचून तिने कार्ड पर्समध्ये ठेवलं. तेव्हापासून तिच्या उजव्या डोळ्याची एकही तक्रार आलेली नाही.

माझ्या कामात मात्र बदल झाला. टोरिक लेन्सचा पेशंट खुर्चीत बसला की मी आधी विचारते, डोळ्याला शेवटचा हात कधी लागला. मग वीस मिनिटं बसवून ठेवते आणि त्यानंतरच बघते. नवी लेन्स कोणाच्याही हाती देत नाही, ज्याच्या डोळ्यात जायची त्यालाच यावं लागतं. बाहेरचे लोक घड्याळाकडे बघून कुरकुरतात. परवा एक आजोबा तर मोठ्याने म्हणाले, "ही बाई नंबर काढते का मुहूर्त?" मी दार उघडून सांगितलं, "अजून सात मिनिटं." आणि दार लावून घेतलं.